पाचवी झोप

घराचं छप्पर तीन ठिकाणी गळायचं, अळ्यांच्या शेडचं एकाही ठिकाणी गळत नसे. शेडला चारी बाजूंनी जाळी होती, दोन पंखे होते, दारात पाय बुडवून आत जायला चुन्याच्या पाण्याचं घमेलं होतं. आत शिरलं की समोरच काचेच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र दिसायचं. घरच्या कर्त्या मुलाने रेशीम उद्योगाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचं ते प्रमाणपत्र. तिन्ही दिवस जेवणाची सोय झकास होती, असं तो अजूनही सांगतो. ते भिंतीवर चढलं तेव्हापासून बायको त्याला मनातल्या मनात साहेब म्हणायला लागली, आणि साहेबाने तेव्हापासून शेडमधल्या एकाही कामाला हात लावला नाही.

त्याला कारण होतं. रेशमाच्या अळीला तंबाखू म्हणजे विष. तंबाखू मळलेला हात पाल्याला लागला तरी अळ्या माना टाकतात. प्रशिक्षणातली एवढी एकच गोष्ट साहेबाच्या पक्की ध्यानात राहिली. तो तंबाखू खायचा, त्याचा बापही खायचा, म्हणून दोघांनी अळ्यांपासून लांब राहायचं ठरवलं. तंबाखू सोडावी, असं काही दोघांच्या डोक्यात आलं नाही. सासूबाई तंबाखू खात नव्हत्या, पण त्यांना किळस यायची. ती पांढरी, लिबलिबीत वळवळ बघितली की अंगावर काटा येतो म्हणायच्या. राहता राहिली सून. तिला किळस येते का, हे विचारायची वेळच कुणावर आली नाही.

त्या वर्षी उन्हाळा लवकर तापला. तुतीचा पाला सकाळी कापला नाही तर दुपारपर्यंत माना टाकायचा, म्हणून ती पहाटे पाचला कोयता घेऊन बाहेर पडायची. दीड वर्षांची बारकी अजून अंगावर प्यायची. तिला तशीच कडेवर घ्यायची, बांधावर पोत्यावर बसवायची आणि फांद्या तोडायला लागायची. भारा डोक्यावर, बारकी कडेवर, कोयता कमरेला. शेडमध्ये पाच मजली रॅक, दोन्ही बाजूंना, लांबच लांब. त्या प्रत्येक मजल्यावर फांद्या पसरायच्या. मग चूल, चहा, थोरलीची शाळा. मग शेडच्या जाळीवर टांगलेली पोती ओली करायची, नाहीतर उष्म्याने अळ्या मरतात. पुन्हा पाला, पुन्हा स्वयंपाक, पुन्हा पाणी. तिच्या तळव्यांना कोयत्याच्या मुठीचे घट्टे पडले होते आणि दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्या चुन्याने फुटल्या होत्या.

सासरे दिवसभर हात मागे बांधून अंगणात फिरायचे. "पोती सुकली बघ," ते म्हणायचे. पाण्याची बादली त्यांच्या पायापाशीच असायची.

अळ्यांची एक रीत असते. महिनाभराच्या आयुष्यात त्या चार वेळा झोपतात. खाणं थांबवायचं, डोकं वर करून निपचित बसायचं आणि दिवसरात्रीने कात टाकून उठायचं. पहिल्या दोन झोपा अंड्यांतून अळ्या काढणाऱ्या केंद्रातच होतात. ते केंद्र चालवणाऱ्या मॅडम मग त्या लहान अळ्या गाडीतून घरोघरी पोचवतात. उरलेल्या दोन झोपा घरी. झोपेत अळीला धक्का लागू द्यायचा नाही, पाला घालायचा नाही. मॅडमनी हे सांगितल्यावर सासऱ्यांना आयुष्याचं काम सापडलं. त्यांनी लाल रंगाने पाटी लिहून घेतली, 'अळ्या झोपल्या आहेत. आवाज करू नये.' झोपेच्या दिवशी ती दारावर टांगून ते स्वतः खुर्ची टाकून बसायचे. कुणी खोकलं तरी वटारून बघायचे. रेडिओ बंद, भांडी हळू, बारकी रडली तर तिला घेऊन विहिरीपर्यंत जायचं. अळ्यांच्या झोपेला त्या घरात जेवढा मान होता तेवढा माणसाच्या मरणालाही मिळाला नसता.

मॅडम त्या खेपेला अळ्या घेऊन आल्या तेव्हा सोबत रंगीत पत्रकांचा गठ्ठाही होता. त्यांच्या केंद्राला कुठूनतरी तसा हुकूम आला होता. पत्रकावर एक आई पाय वर करून कपातून काहीतरी पीत होती. तिच्या पायाला चुना नव्हता.

"तुमचा चेहरा फार ओढलाय हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही आई आहात ना? मग आधी स्वतःला जपायचं. रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढायचा. आवडीचं गाणं ऐका. कामं वाटून घ्या. आणि मुख्य म्हणजे नाही म्हणायला शिका."

"कुणाला नाही म्हणू?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"कुणालाही. अगदी ठामपणे."

तेवढ्यात अंगणातून सासऱ्यांनी हाक मारली, "अगं, चहा टाक. मॅडम आल्यात."

"माझा बिनसाखरेचा हं," मॅडम म्हणाल्या.

तिने चहा टाकला. पत्रकाची नीट आठ पदरी घडी करून ती डाव्या रॅकच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवली. त्यानंतर तो रॅक कधी हलला नाही, हे मॅडमच्या उपदेशाबद्दल मान्य करायला हवं.

घरी आल्यावर अळ्या तिसऱ्यांदा झोपल्या, उठल्या आणि दुप्पट खायला लागल्या. तिचं मात्र उलटं चाललं होतं. चहात मीठ पडलं, एकदा नाही, दोनदा. फांद्या तोडताना उभ्या उभ्या डोळा लागला आणि कोयता अंगठ्यावर आला. बारकीला पाजताना ती मान खाली पाडून अशी झोपली की बारकीनेच तिच्या गालावर चापट्या मारून उठवलं.

आणि मग तो मंगळवार आला. ती पाल्याचा दुसरा भारा रचत होती. बारकी दुडदुडत शेडच्या दारात आली आणि तिने चुन्याच्या भुकटीचा डबा उलटा केला. पांढऱ्या ढिगात बसून ती टाळ्या वाजवायला लागली. आईने तिला उचललं आणि मारलं. चार बोटं गालावर उठली. बारकीचा श्वास अडकला, रडणं बाहेर येईना, तरी आईचा हात पुन्हा वर गेला. तो वरच्यावर धरला थोरलीने. नऊ वर्षांच्या पोरीने दोन्ही हातांनी आईचं मनगट घट्ट पकडलं होतं.

"आई, बस," ती म्हणाली. "बस आता."

आईने हात खाली घेतला. तिला स्वतःचीच भीती वाटली. बारकीला तिने उराशी धरलं, चुन्यासकट. पुन्हा एकदा असा हात उठला आणि थोरली शाळेत असली तर काय होईल, हे तिला अगदी स्पष्ट दिसत होतं.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा ती बोलली.

"मला एक दिवस झोपू द्या."

सगळ्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"एक दिवस," ती म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला कुणी उठवायचं नाही. बारकीला सांभाळा, बाकी मी आधी सगळं करून ठेवते. माझ्याच्याने होत नाही आता. आज पोरीला मारलं मी."

"पोरांना मार लागतोच," सासरे म्हणाले.

"आम्ही नाही का पोरं वाढवली?" सासूबाई म्हणाल्या. "पाच काढली. दुपारची पाठ टेकवली नाही कधी." हे त्यांनी दुपारच्या झोपेसाठी उशी काखेत घेऊन सांगितलं.

साहेबाला मुद्द्यावर बोलायची सवय होती. "तू करतेस काय एवढं? खातात अळ्या. तू नुसता पाला टाकतेस." मग त्याला दया आली. "या अळ्या झोपतील ना परवा, तेव्हा झोप की तूही. तेव्हा काय काम असतं तुला?"

एवढं बोलून त्याने तळहातावर तंबाखू काढली.

परवा अळ्या झोपल्या. चौथी झोप. सासऱ्यांनी पाटी टांगली आणि खुर्ची टाकली. ती आत जाऊन चुन्याची भुकटी शिंपडून आली, हातपाय धुतले आणि खोलीत जाऊन सतरंजी पसरली. पाठ टेकते न टेकते तोच दारात सासूबाई.

"मोकळीच आहेस आज, तर गोधड्या धुऊन टाकूया. वर्षभराचा वास मारतोय."

धुऊन टाकूया म्हणजे कुणी, हे बोलायची गरज नव्हती. तिने सात गोधड्या विहिरीवर नेल्या. आपटायच्या नव्हत्या, अळ्यांना आवाज जातो. म्हणून तिने त्या पायांनी तुडवल्या. चुन्याने फुटलेल्या बेचक्यांतून रक्त आलं. दुपारी साहेबाचे दोन दोस्त आले, ते कुजबुजत जेवले. संध्याकाळी सासऱ्यांनी सगळा माळा आवरून घेतला, तोही न वाजवता. त्या दिवशी तिला इतर दिवसांपेक्षा जास्त काम पडलं, आणि ते सगळं पाय न वाजवता करावं लागलं.

दिवस मावळता मावळता ती खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांच्या अंगावरून शेडमध्ये गेली. हजारो अळ्या डोकी वर करून गाढ बसल्या होत्या. बाहेर एक म्हातारा माणूस त्यांच्यासाठी माश्या हाकलत होता. ती तिथे बराच वेळ उभी होती. आधी तिला राग आला, आणि मग हळूहळू हसू यायला लागलं. या घरात झोप मिळते, फक्त अळीला मिळते. आणि अळी कधी झोपली, कधी उठली, कितीदा झोपली, यातलं घरातल्या एकालाही काडीचं कळत नाही. प्रमाणपत्रवाल्याला तर मुळीच नाही.

चौथ्या झोपेतून उठलेली अळी हावरट असते. आठवडाभर ती नुसती खाते. तिसऱ्या दिवशी पहाटे सून अंधारातच निघाली आणि रोजच्या दुप्पट फांद्या तोडल्या. सगळ्या मजल्यांवर दोन दोन थर चढवले. पोती निथळेपर्यंत भिजवली. स्वयंपाक करून झाकला, बारकीला पोट भरून पाजलं. मग अंगणात येऊन ती दात घासणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, पाटी लावा. अळ्या झोपल्या."

"पुन्हा?"

"पाचवी झोप. हे नवीन वाण आहे ना."

सासऱ्यांनी तोंडातला फेस थुंकला. आपल्याला माहीत नाही, असं म्हणण्याची त्यांना आयुष्यात सवय नव्हती. "हां हां. पाचवी. तेच म्हणत होतो मी कालपासून, सुस्त वाटतात." त्यांनी पाटी काढली.

"ही झोप नाजूक असते," ती म्हणाली. "मला आत बसून लक्ष ठेवावं लागेल. संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही. बारकीला आईंकडे द्या, दुधाला आली तरी आणायची नाही. वाटीने दूध पाजा."

"तू जा आत. मी आहे इथे," सासरे म्हणाले आणि खुर्ची ओढली.

साहेब घरातून बाहेर आला. "पाचवी? प्रशिक्षणात तर..."

"तुला कुणी विचारलं?" बाप खेकसला. "हळू बोल आधी!"

साहेब हळू बोलला, मग बोललाच नाही. चार की पाच, ते त्यालाही नक्की आठवत नव्हतं. जेवणात काय काय होतं, ते आठवत होतं.

तिने आतून कडी घातली. कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्यांखाली आदल्या दिवशीच लपवून ठेवलेली उशी होती. ती काढून पोत्यांवरच ती आडवी झाली. वरती, बाजूला, सगळीकडे अळ्या खात होत्या. त्यांच्या खाण्याचा आवाज होतो, कुणी कोरडा कागद हळूहळू चुरगाळत राहावा तसा. तिने एकदा मोठा श्वास घेतला आणि पुढचं तिला काही कळलं नाही.

थोरलीला त्या दिवशी सुट्टी होती. ती येऊन आजोबांच्या खुर्चीशेजारी बसली. जरा वेळाने आजोबांनी कान टवकारले.

"झोपल्यात ना या? मग आतून आवाज कसला येतोय?"

थोरलीने दाराकडे बघितलं. पाटीकडे बघितलं. शाळेच्या वहीत तिने स्वतःच्या हाताने अळीचं चित्र काढलं होतं आणि खाली चार झोपा लिहिल्या होत्या. आईचं मनगट धरलं होतं तेही तिला आठवत होतं.

"घोरतात," ती म्हणाली.

आजोबांनी मान डोलावली. "दमतात बिचाऱ्या. खाऊन खाऊन."

बारकी अकराच्या सुमाराला रडायला लागली. सासूबाईंनी तिच्याकडून केस ओढून घेत, नखं लावून घेत तास दीड तास तिला खेळवलं आणि शेवटी हाश्शहुश्श करत मुलाच्या मांडीत दिलं. मुलाने तिला वाटीने दूध पाजलं. अर्धं तिच्या पोटात गेलं, अर्धं त्याच्या शर्टावर. दुपारी तो अंगणात तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होता. "किती वेळ झोपतात या?" त्याने कुजबुजत विचारलं. त्याचा चेहरा एका दुपारीत ओढला होता. कुणी त्याला पत्रक दिलं नाही.

ती नऊ तास झोपली. उठली तेव्हा पोत्याची नक्षी गालावर उमटली होती आणि अंगावर दोन अळ्या चढल्या होत्या. अंगठ्याची जखम ठणकत नव्हती. छातीत दूध दाटून कपडे भिजले होते. तिने अळ्यांना उचलून पाल्यावर ठेवलं, नवीन थर घातला, उशी पोत्यांखाली सारली आणि कडी काढली. बारकी धावत, पडत आली. तिने तिला उचललं, तिच्या गालाचा मुका घेतला, जिथे चार बोटं उठली होती तिथेच. आपल्याला कंटाळा न येता हिला घेता येतंय, याचं तिला रडू आलं.

"उठल्या का?" सासऱ्यांनी विचारलं.

"उठल्या," ती म्हणाली.

कोष चांगले झाले. टणक, पांढरे, एकसारखे. पाल्याने झाले, पाण्याने झाले, तिच्या कंबरेने झाले. पण सासऱ्यांच्या मते ते पाचव्या झोपेने झाले. दुकानाच्या ओट्यावर, वाटेत, लेकीच्या सासरी, जिथे माणूस भेटेल तिथे ते पाचवी झोप समजावून सांगू लागले. "चौथीनंतर तिसरा दिवस. दार उघडायचं नाही. आतून घोरण्याचा आवाज येतो. तो आला की समजायचं, माल फर्स्टक्लास."

ही कीर्ती मॅडमच्या कानावर गेली. पुढच्या खेपेला त्या आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. एवढा चांगला माल कसा काढला, हे बघायला शेजारच्या वस्त्यांवरचे दहाबारा शेतकरी बायकांसह आले होते. सासरे इस्त्रीचा सदरा घालून शेडच्या दारात उभे होते. सून मागे, कडेवर बारकी.

सासऱ्यांनी पाचवी झोप सांगितली, घोरण्यासकट.

मॅडम हसल्या. "अहो बाबा, चारच असतात. अळी चारदाच झोपते. आणि घोरत कुठली?"

पुरुष फिदीफिदी हसायला लागले. साहेबही हसणार होता, पण बापाचा चेहरा बघून थांबला. सासऱ्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी मान वळवून सुनेकडे बघितलं. तिला पुढचं सगळं दिसलं. आता दार कायमचं उघडं राहणार, गोधड्या येणार, माळा येणार, आणि पुन्हा एखाद्या मंगळवारी हात उठणार. तिने नजर खाली घातली नाही. तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं, माफी मागायचं ठरवलं नव्हतं.

सासऱ्यांना सगळं कळलं. नऊ तास ते कुणाची राखण करत बसले होते, हे त्यांना तिच्या डोळ्यांत सरळ दिसलं. पण समोर बारा माणसं दात काढत होती, आणि त्यांनी ही गोष्ट लेकीच्या सासरीही सांगून ठेवली होती.

"तुमच्या पुस्तकात चार असतील," ते मॅडमना म्हणाले. "आमच्याकडे पाच असतात. कोष बघा आणि मग बोला."

"अहो, पण शास्त्र..." म्हणत मॅडम आत शिरल्या. डाव्या रॅकच्या पायाखाली त्यांना स्वतःच्या पत्रकाचा रंगीत कोपरा दिसला. कोपऱ्यात पोती दिसली, त्यांतला माणसाच्या मापाचा खळगा दिसला आणि उशीचं टोक दिसलं. त्या वळल्या. सुनेकडे बघितलं, बारकीकडे बघितलं. त्यांच्या पर्समधला फोन मघापासून वाजत होता. घरून पोरगं तिसऱ्यांदा फोन करत होतं, तू कधी येणार विचारायला. मॅडमनी मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं केलं. त्या गप्प बसल्या.

हसणं विरलं. पुरुष नमुन्याला ठेवलेले कोष हातात घेऊन दाबून बघू लागले. तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई पुढे सरकली. तिच्याही पायांच्या बेचक्या फुटलेल्या होत्या आणि पोटाशी तान्हं बांधलेलं होतं. तिने सुनेला हळूच विचारलं, "पाचव्या झोपेला दार किती वेळ बंद ठेवायचं?"

"सकाळचा पाला घातला की संध्याकाळपर्यंत."

"आत कोण थांबतं?"

"ज्या बाईच्या हाताची अळ्यांना सवय आहे ती. दुसरं कुणी चालत नाही."

"आणि उशी..." दारातून आत बघत ती बाई थांबली.

"पोत्यांखाली," सून म्हणाली.

त्या दिवसानंतर सासरे तिच्याशी महिनाभर सरळ बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला चौथ्या झोपेनंतरच्या तिसऱ्या दिवशी, तिने काही म्हणायच्या आत, त्यांनी खुंटीवरची पाटी काढली, दारावर टांगली आणि खुर्ची टाकून तोंड फिरवून बसले. साहेबाने कुणी न सांगता बारकीला उचललं.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा सासरे दुकानावरून आलेल्या माणसाशी बोलत होते. त्यांनी घसा खाकरला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बघ, हसत होते ना सगळे? आता खालच्या वस्तीवर सात घरांत अळ्या पाचदा झोपतात."